सगळं नव्याने लिहू नका

वेब ॲप्लिकेशन आठ-दहा वर्षांचं झालं की ते सांभाळणाऱ्याला एक सल्ला हमखास मिळतो: हे मोडा आणि सगळं रिॲक्टमध्ये नव्याने लिहा. हा सल्ला देणाऱ्यांच्या हुशारीबद्दल मला शंका नाही. पण चालतं काम थांबवून ते पुन्हा पहिल्यापासून उभं करायचं, तर त्याची किंमत कोण मोजतो हे आधी पाहायला हवं. मी संगमनेर भागातल्या एका दूध संस्थेचं असं ॲप्लिकेशन सांभाळते. गावोगावची संकलन केंद्रं सकाळ-संध्याकाळ त्यावर दूध नोंदवतात आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं त्यातूनच निघतात. बिल एक दिवस पुढे गेलं, तर पेंडीच्या दुकानातली उधारीही एक दिवस पुढे जाते. म्हणून हे ॲप्लिकेशन न मोडता आजच्या काळाचं करायचं, असं आम्ही ठरवलं. ते काम कसं होतं, त्यात जोखीम कुठे असते, हे संगणकाशी रोजचा संबंध नसलेल्या वाचकालाही समजावं असं मला वाटतं. कारण तुमची पतसंस्था, शाळा, सोसायटी, नगरपालिका यांची कित्येक ॲप्लिकेशन्स नेमकी याच अवस्थेत आहेत.

आमचं ॲप्लिकेशन जँगो या पायथन भाषेतल्या चौकटीवर उभं आहे. जँगोचा जन्म अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात, लॉरेन्स गावच्या एका वर्तमानपत्राच्या कचेरीत झाला आणि जुलै २००५मध्ये ती सगळ्यांसाठी खुली झाली. बातमीच्या वेळेआधी पान तयार हवं, या घाईतून ती घडली आणि तो गुण तिच्यात अजून आहे. तिची रीत सरळ आहे. संकलन केंद्राच्या सचिवांनी एखाद्या उत्पादकाचं खातं उघडलं की ब्राउझर सर्व्हरकडे मागणी पाठवतो. सर्व्हर डेटाबेसमधून नोंदी काढतो, साच्यात भरतो आणि तयार पान धाडतो. ब्राउझरने ते फक्त दाखवायचं. खातेवही, याद्या, अहवाल, कोणाला काय पाहायची परवानगी आहे याची तपासणी, या सगळ्यासाठी ही रीत वीस वर्षांपूर्वी चांगली होती आणि आजही चांगली आहे.

ती तोकडी पडते ती दूध नोंदीच्या पडद्यावर. सकाळी साडेसहाला केंद्रावर रांग असते. उत्पादकाचा नंबर, लिटर, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन पदार्थ) असं भरून बटण दाबलं की सगळं पान सर्व्हरकडून पुन्हा येतं. नेट मंद असेल तर तेवढा वेळ पडदा कोरा. “मॅडम, पान येईपर्यंत पुढचा माणूस कॅन घेऊन उभा असतो. त्याला किती वेळ थांबवायचं?” एका केंद्राच्या सचिवांनी विचारलं होतं, आणि प्रश्न रास्त होता. तेच सचिव मोबाइलवर नकाशा बोटाने सरकवतात तेव्हा पान कोरं होत नाही.

पान कोरं न होता बदलू शकतं हे लोकांना २००४मध्ये जीमेलने आणि २००५मध्ये गुगल मॅप्सने दाखवलं. त्याच वर्षी जेसी जेम्स गॅरेट यांनी या तंत्राला एजॅक्स हे नाव दिलं. २००६मध्ये जॉन रेसिग यांची जेक्वेरी आली आणि जगभरच्या सर्व्हरवाल्यांनी आपल्या पानांत जावास्क्रिप्ट, म्हणजे ब्राउझरमध्ये चालणारी भाषा, थोडी थोडी पेरायला सुरुवात केली. मग २००९मध्ये नोड आलं. जावास्क्रिप्ट ब्राउझरबाहेरही चालू लागली आणि तिची स्वतंत्र अवजारं तयार झाली. एनपीएम हे सामायिक कोडचं भांडार २०१०मध्ये आलं, २०१३मध्ये रिॲक्ट आणि २०१४मध्ये व्ह्यू ही ब्राउझरमध्ये पडदा रंगवणारी अवजारं. २०१५मध्ये भाषेतच मॉड्यूल आली, म्हणजे एका फाइलने दुसऱ्या फाइलमधलं हवं तेवढं मागून घ्यायची अधिकृत सोय झाली.

ही नवी अवजारं उत्तम आहेत. अडचण त्यांच्या गृहीतकात आहे. सर्व्हर आपल्याला एक रिकामं पान देईल आणि त्यात काय दिसायचं ते सगळं आपण रंगवू, अशी त्यांची मूळ कल्पना असते. जँगोसारख्या चौकटीची कल्पना बरोबर उलट आहे: पान मी बनवणार, ब्राउझरने दाखवायचं. दोघांनाही पूर्ण पान हवं असतं. म्हणून या दोघांना एकत्र नांदवायचं म्हणजे त्यांच्यातला सांधा नीट बसवायचा. बाकीचं काम त्या मानाने सोपं आहे.

आम्ही पहिल्यांदा पानाची वाटणी केली. मथळा, मेनू, उत्पादकांची यादी, छपाईची पानं हे सर्व्हरकडेच ठेवलं. दूध नोंदीचा तक्ता आणि दरपत्रक बदलायचा पडदा, जिथे माणसाचे हात भराभर चालतात, एवढाच भाग व्ह्यूकडे दिला. जेसन मिलर यांनी २०२०मध्ये या रचनेवर लिहिलं तेव्हापासून बेटांची रचना हे तिचं नाव रूढ झालं. सर्व्हरने बनवलेल्या शांत पानात मध्येच एक हलता-बोलता तुकडा असतो आणि त्याला स्वतःच्या हद्दीबाहेरचं काही ठाऊक नसतं. वाटणीत आम्ही मुद्दाम कंजूषपणा केला. जो पडदा महिन्यातून एकदा उघडला जातो, त्याला नवं काही लावायचं नाही.

बांधणीसाठी विट नावाचं अवजार घेतलं. व्ह्यूचेच कर्ते इव्हान यू यांनी ते २०२०मध्ये आणलं. काम चालू असताना माझ्या संगणकावर दोन प्रोग्रॅम शेजारी शेजारी चालतात. जँगो ८००० क्रमांकाच्या पोर्टवर पान बनवतो आणि त्या पानातला एक टॅग जावास्क्रिप्टसाठी ५१७३ क्रमांकावरच्या विटकडे बोट दाखवतो. मी एखादी फाइल बदलून जतन केली की पानाचा तेवढाच तुकडा बदलतो, फॉर्ममध्ये भरलेले आकडे तसेच राहतात. ज्यांनी आयुष्यभर बदल केला की रिफ्रेश केलं आहे, त्यांना यातलं सुख लगेच कळेल. केंद्रांना देताना मात्र विट चालवायचं नसतं. तेव्हा सगळ्या लहान फाइली आटवून चार-दोन फाइली तयार करायच्या आणि त्या जँगोच्या हवाली करायच्या. खऱ्या सर्व्हरवर नोड बसवावंही लागत नाही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं. जिथे पैशाचा हिशेब राहतो, त्या यंत्रावर जितकं कमी तितकं बरं.

इथे सांध्याचा पहिला खिळा येतो. ब्राउझर एकदा आणलेली फाइल साठवून ठेवतो, म्हणजे ती पुन्हा पुन्हा आणावी लागत नाही. पण आम्ही फाइल बदलली आणि केंद्रावरच्या ब्राउझरने जुनीच वापरली, तर फॉर्म नवा आणि त्यामागचा हिशेब जुना असं होतं. पूर्वी यावर उपाय म्हणजे प्रत्येक केंद्राला फोन करून कंट्रोल आणि एफ-फाइव्ह दाबायला सांगणं. आता बांधणीच्या वेळी फाइलच्या मजकुरावरून एक ठसा काढतात आणि तो नावातच घालतात. मजकुरात एक अक्षर बदललं तरी ठसा बदलतो, म्हणून नाव बदलतं, म्हणून ब्राउझर नवी फाइल मागतो. मजकूर बदलला नाही तर तीच फाइल वर्षभर साठवून ठेवायला त्याला खुशाल सांगता येतं. आता जँगोला आजचं नाव कळणार कसं? त्यासाठी विट एक यादी तयार करतं, तिला मॅनिफेस्ट म्हणतात. ती स्थानकावरच्या फलकासारखी असते: गाडीचं नाव तेच, फलाट मात्र आजचा. जँगो ती यादी वाचतो आणि पानात योग्य नाव घालतो. सांध्याचा गाभा एवढाच आहे. या यादीऐवजी कोणी हाताने नावं लिहायला लागलं की पुढचं सगळं बिघडतं.

दुसरी गंमत महिरपी कंसांची. जँगोच्या साच्यात जोड महिरपी कंसात लिहिलेलं नाव म्हणजे इथे किंमत भरा, आणि व्ह्यूमध्येही अगदी तसंच. दोघांचा मजकूर एकाच फाइलमध्ये आला तर पान आधी जँगोच्या हातातून जात असल्यामुळे व्ह्यूचे कंसही तोच भरून टाकतो. ते नाव त्याच्या ओळखीचं नसतं, म्हणून तिथे रिकामी जागा उरते, आणि व्ह्यूपर्यंत काही पोहोचतच नाही. कंसांची खूण बदलता येते, साच्याचा काही भाग जँगोने वाचू नये असंही सांगता येतं. मला यापेक्षा साधा नियम आवडतो: व्ह्यूचं सगळं त्याच्या स्वतःच्या फाइलींत, आणि जँगोच्या साच्यात त्याच्यासाठी एक रिकामा चौकोन. दोघांची भाषा एका कागदावर येऊच द्यायची नाही.

पण त्या चौकोनाला माहिती लागते. आजची तारीख, केंद्र, उत्पादकांची नावं, चालू दरपत्रक. अनेक जण ही माहिती साच्यातूनच जावास्क्रिप्टच्या ओळीत चिकटवतात. असं कधी करू नये. कोणी नावाच्या रकान्यात स्क्रिप्ट बंद करणारा टॅग टाइप केला तर ब्राउझर तिथेच स्क्रिप्ट संपली असं समजतो आणि पुढचा मजकूर पानाचा भाग होतो. वाईट हेतूच्या माणसाला एवढी फट पुरते. जँगोमध्ये २०१८च्या २.१ आवृत्तीपासून यासाठी जेसन-स्क्रिप्ट नावाचा फिल्टर आहे. तो माहिती निर्धोक करून पानात ठेवतो आणि व्ह्यू ती तिथून उचलतं.

सर्व्हरला आणि पडद्याला एकाच पत्त्यावर ठेवण्याचा मोठा फायदा ओळख पटवण्यात मिळतो. सचिव एकदा लॉगिन करतात, ब्राउझरकडे कुकी राहते आणि नव्या तुकड्यातून गेलेल्या मागणीबरोबरही तीच कुकी जाते. दुसऱ्या लॉगिनची गरजच पडत नाही. दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळाने सचिवांच्या नकळत त्यांच्या नावाने मागणी पाठवू नये म्हणून जँगो प्रत्येक फॉर्मसोबत एक गुप्त खूण देतो, तेवढी मात्र नव्या तुकड्याने आठवणीने परत पाठवावी लागते. पडदा वेगळ्या पत्त्यावर हलवला की या सगळ्या गोष्टी नव्याने उभाराव्या लागतात. सगळं नव्याने लिहिण्याच्या अंदाजपत्रकात हा खर्च सहसा धरलेला नसतो.

आता पैशाबद्दल, कारण माझ्या लेखी या सगळ्या कामात सर्वांत जपायची जागा ती आहे.

गायीच्या दुधाचा पायाभूत दर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफला धरतात, त्याच्या वर-खाली प्रत्येक पॉइंटला वाढ किंवा कपात. फॅट टाइप होताच दर आणि रक्कम पडद्यावर दिसावी, ही सचिवांची मागणी होती. रांगेतल्या माणसालाही ते लगेच पाहायचं असतं. म्हणजे हिशेब ब्राउझरमध्ये करायचा. पण जावास्क्रिप्टमध्ये ०.१ आणि ०.२ यांची बेरीज केली तर उत्तर ०.३०००००००००००००००४ येतं. यात कोणाची चूक नाही. यंत्र आकडे द्विमान पद्धतीने साठवतं आणि त्या पद्धतीत ०.१ नेमका मावत नाही. सर्व्हरवर पायथनमध्ये डेसिमल नावाचा प्रकार आहे, तो माणसासारखा दशमान हिशेब करतो, म्हणून आम्ही पैसे त्यातच मोजतो.

तरीही पेच संपत नाही. समजा ३४.७० रुपये दराने ७.३५ लिटर दूध आलं. रक्कम होते २५५.०४५ रुपये, बरोबर अर्ध्या पैशावर. शाळेत शिकवलेल्या रीतीने ते २५५.०५ होतात. पायथनच्या डेसिमलला वेगळं काही सांगितलं नाही तर तो अर्ध्यावरचा आकडा जवळच्या सम अंकाकडे नेतो आणि २५५.०४ म्हणतो. ब्राउझरमध्ये तर तो आकडा नेमका अर्ध्यावर आहे की केसभर इकडे-तिकडे, हेच ठरवता येत नाही. पडद्यावर एक आणि पावतीवर दुसरा आकडा दिसला तर फरक एका पैशाचा असतो, पण संशय पूर्ण संस्थेवर येतो. फॅटच्या आकड्यावरून आधीच कुरबुर असणाऱ्या धंद्यात मला तो नको होता.

म्हणून नियम असा केला. दराचा तक्ता सर्व्हर बनवतो आणि पूर्ण पैशांत, दशांशाशिवाय, ब्राउझरला देतो. ब्राउझर त्यात फक्त दर शोधतो. लिटरही पूर्णांकात, दहा मिलिलिटरच्या एककात मोजायचे. गुणाकार पूर्णांकांचा झाला की द्विमान-दशमानचा प्रश्न उरत नाही, आणि अर्ध्या पैशाचं काय करायचं ते दोन्हीकडे शब्दशः एकच लिहायचं: वर न्यायचा, उत्पादकाच्या बाजूने. आणि इतकं करूनही ब्राउझरने पाठवलेली रक्कम आम्ही साठवत नाही. सर्व्हर फक्त लिटर, फॅट आणि एसएनएफ घेतो, स्वतः रक्कम काढतो आणि तीच पावतीवर छापतो. ब्राउझरमधला कोड कोणालाही उघडून पाहता आणि बदलता येतो. म्हणून पैशांबाबत शेवटचा शब्द सर्व्हरचाच.

जावास्क्रिप्ट पोहोचलीच नाही तर? असं होतं. ब्रिटनच्या गव्हर्न्मेंट डिजिटल सर्व्हिसने २०१३मध्ये मोजलं तेव्हा त्यांच्या संकेतस्थळावर येणाऱ्या १.१ टक्के लोकांपर्यंत जावास्क्रिप्टची सोय पोहोचत नव्हती. मुद्दाम बंद ठेवणारे किंवा ती चालवू न शकणारे ब्राउझर त्यात फक्त ०.२ टक्के होते. बाकीच्यांकडे ती चालायला हवी होती, पण काही ना काही कारणाने चालली नाही. घाटाखालच्या केंद्रावर टॉवरची रेंज कशी असते हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचं नवल वाटणार नाही. सर्व्हरने बनवलेल्या पानात आमचा जुना साधा फॉर्म म्हणूनच अजून आहे. व्ह्यू सुरू झालं तर ते त्याची जागा घेतं. नाही झालं तर फॉर्म तसाच भरता येतो, पान तेवढं पुन्हा येतं.

दुसरी जोखीम भांडारातून घेतलेल्या मालाची आहे. एनपीएमवरून एक वस्तू घेतली की तिच्यासोबत इतर शेकडो येतात. मार्च २०१६मध्ये लेफ्टपॅड नावाची अवघ्या अकरा ओळींची वस्तू तिच्या कर्त्याने भांडारातून काढून घेतली आणि जगभरच्या असंख्य प्रकल्पांची बांधणी त्या दिवशी थांबली. त्यात रिॲक्टवर उभे असलेलेही होते. तेव्हापासून लॉकफाइल, म्हणजे कोणती वस्तू नेमक्या कोणत्या आवृत्तीत घेतली याची नोंद, हा नियमाचा भाग झाला. ती फाइल कोडसोबत जपायची आणि बांधणी तिच्याबरहुकूम करायची. कोणतीही नवी वस्तू घेण्याआधी तिचं काम दहा ओळींत आपणच करू शकतो का, हे मी टीममधल्या मुलांना विचारते. बऱ्याचदा उत्तर हो येतं.

हा सांधा पातळ ठेवायचं आणखी एक कारण रेल्सच्या इतिहासात आहे. रेल्स ही रूबी भाषेतली चौकट, जँगोचीच समकालीन. तिने २०११मध्ये ॲसेट पाइपलाइन आणली, २०१७मध्ये वेबपॅकर स्वीकारला आणि २०१९मध्ये तो मूळ पर्याय केला. डिसेंबर २०२१मध्ये सातव्या आवृत्तीत तो बाजूला ठेवून इम्पोर्ट मॅप आणले, ज्यात बांधणीची पायरीच नाही. पीएचपीच्या लाराव्हेलनेही २०२२मध्ये आपलं आधीचं साधन सोडून विट घेतलं. दहा वर्षांत अवजारं इतक्यांदा बदलतात. ज्यांनी सगळं ॲप्लिकेशन त्या त्या अवजारात गुंतवलं होतं त्यांना प्रत्येक वेळी मोठी उलथापालथ सोसावी लागली. आमचं विटशी नातं एका यादीपुरतं आहे. उद्या ते गेलं तर तेवढी यादी बनवणारं दुसरं शोधायचं.

व्ह्यूसुद्धा सगळीकडे लागत नाही. एचटीएमएक्स नावाची छोटी जावास्क्रिप्ट आहे, मोंटाना स्टेट विद्यापीठात शिकवणाऱ्या कार्सन ग्रॉस यांची. तिच्यात सर्व्हर पूर्ण पानाऐवजी तयार पानाचा एक तुकडा पाठवतो आणि तो जागेवर बसतो. बांधणी नाही, नोड नाही, हिशेब दुसऱ्यांदा लिहायचा नाही. उत्पादक शोधायची चौकट आम्ही तिच्यावरच केली आहे. आज सुरुवात करणाऱ्या लहान संस्थेला मी आधी हेच सुचवेन. ज्या मुलांना मोठ्या प्रमाणावर ही जोडणी कशी करतात ते पाहायचं आहे त्यांनी मुंबईत घडलेल्या फ्रॅपे चौकटीचा कोड वाचावा. तो खुला आहे. त्यात पायथनचा सर्व्हर, जेक्वेरीच्या काळातला जुना पडदा आणि व्ह्यूवरची नवी ॲप्लिकेशन्स एकत्र नांदताना दिसतात.

सध्या आमच्यापुढे असलेला प्रश्न मात्र अवजाराने सुटणारा नाही. नेट पूर्ण गेलं तरी नोंद चालू राहावी, अशी केंद्रांची मागणी आहे. सर्व्हिस वर्कर, म्हणजे नेट नसतानाही ब्राउझरमध्ये मागे चालणारी जावास्क्रिप्ट, वापरून ब्राउझर नोंदी साठवू शकतो आणि रेंज आली की पाठवू शकतो. पण त्या वेळेपुरता शेवटचा शब्द ब्राउझरचा होतो. पावतीचा क्रमांक कोण देणार? त्याच तासात दर बदलला असेल तर कोणता धरायचा? एकाच उत्पादकाचं दूध दोन यंत्रांवर नोंदलं गेलं तर? मी संचालक मंडळाला सुचवलं आहे की ब्राउझरने तात्पुरता क्रमांक द्यावा, दरपत्रकाची आवृत्ती सोबत लिहावी आणि रक्कम ‘अंदाजे’ म्हणून छापावी. मंडळातल्या दोघा ज्येष्ठांचा ‘अंदाजे’ या शब्दाला विरोध आहे. उत्पादकाच्या हातात अंदाजाचा कागद द्यायचा नाही, असं ते म्हणतात, आणि त्यांचं म्हणणं मला पटतं. पुढच्या बैठकीपर्यंत नेट गेलेल्या केंद्रांवर कार्बनचं पावतीपुस्तक वापरायचं आणि रेंज आल्यावर त्यातल्या नोंदी साध्या फॉर्ममधून भरायच्या, असं ठरलं आहे.